वाईट नाही

२ डिसेंबर, सोमवार

निवृत्त माणसाने रोजनिशी लिहू नये, असं माझं मत होतं. त्याच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडत नाही आणि जे घडतं ते बायकोला आधीच माहीत असतं. पण गेला महिनाभर मी खडकीच्या मैदानावरून घरी आलो की पानावर बसून फुटबॉलबद्दल बोलत सुटतो. काल सुनीती म्हणाली, "अहो, मी जन्मभर पोस्टात पत्रं लावली. आता ऑफसाइड समजून घेऊन मला काय मिळणार आहे? लिहून काढा, आणि आमटी गरम आहे तोवर जेवा." म्हणून बँकेने फुकट दिलेली, कोरीच राहिलेली ही डायरी बाहेर काढली. छापील तारखा खोडून वापरतो आहे. पहिल्या पानावर नाव लिहिलं, बाळ पाटणकर. पत्ता, नारायण पेठ. व्यवसायापुढे 'निवृत्त क्रीडाशिक्षक' लिहिलं, मग ते खोडून 'फुटबॉल प्रशिक्षक' लिहिलं. शाई पसरली.

हकीकत अशी. खडकीतल्या एका क्लबाने चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ काढला आणि मला बोलावलं. मदतीला पूर्वा नावाची चोविशीची मुलगी दिली. तिच्याकडे प्रशिक्षणाचं लायसन्स आहे. माझ्याकडे फक्त स्कूटरचं आहे. पोरींना खेळवायचं आणि त्यांच्यातून गुणी पोर हेरायची, हे आमचं काम. फेब्रुवारीत बापूराव पुण्यात येणार आहेत. ते माझे जुने मित्र, कोल्हापूरजवळ त्यांची निवासी अकादमी आहे. मुली तिथेच राहतात, शिकतात आणि खेळतात. आम्ही प्रशिक्षकांनी त्यांना फोनवर नावं सुचवायची, त्यातून ते दहाजणींना चाचणीला बोलावणार आणि दोघींना घेऊन जाणार. आमची एक जरी लागली तरी या वयात मी काही केलं असं म्हणता येईल. सध्या तरी लागेल अशी एकही दिसत नाही.

५ डिसेंबर

नवी पोर आली. चंद्रभागा निखाडे. आजीचं नाव ठेवलंय म्हणे. वडील विदर्भातल्या भद्रावतीहून बदली होऊन इथल्या दारूगोळा कारखान्यात आलेत, क्वार्टर्समध्ये राहतात. हडकुळी, तेल लावून घट्ट वेणी, पायात दोन नंबर मोठे बूट. मी विचारलं, "कुठे खेळतेस?" ती म्हणाली, "शाळेमागं." मला बचावात की पुढे, असं विचारायचं होतं. पूर्वा हसली. ती पोर हसली नाही.

मधल्या फळीत उभी केली. बॉल तिच्याकडे येण्याआधी तिने मान वळवून मागे पाहिलं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. बॉल पायाशी आला तेव्हा सगळं मैदान तिला ठाऊक होतं. ही सवय लावायला मी शाळेत वर्षानुवर्षं घसा कोरडा केला, एकाही गाढवाला लागली नाही. तुला कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "शाळेमागं म्हशी राहायच्या, सर. पाहावं लागे."

आज मी स्कूटर सुरू करायची विसरलो आणि फाटकापर्यंत ढकलत नेली. वॉचमनने पेट्रोल संपलं का म्हणून विचारलं.

९ डिसेंबर

पूर्वाने आज मला धडा दिला. "सर, ऑल-राउंड प्लेअर हवा ना, मग चार कॉर्नर बघायचे. टेक्निक, फिजिकल, गेमची समज आणि मेंटल-सोशल." मी म्हटलं, "आमच्या काळी मैदानाला चार कॉर्नर असायचे, पोरांना नव्हते." ती म्हणाली, "सर, सिरियसली." मग तिने मराठीत सांगितलं. पाय बघायचे, अंग बघायचं, डोकं बघायचं आणि मन बघायचं. नुसत्या पायावर निवडलेली मुलं सोळाव्या वर्षी घरी बसतात. मी म्हटलं, "मन बघायला आपण काय स्थळ बघायला आलोय?" त्यावर ती मैदानावर मांडलेले प्लास्टिकचे कोन उचलायला निघून गेली.

पण स्कूटरवर येताना तेच डोक्यात होतं. आमच्यात अवनी म्हणून एक गोड पोर आहे. विश्रांतवाडीहून आईच्या गाडीवर येते. हौस दांडगी, पण बॉल डाव्या पायाकडे आला की तिचा आणि बॉलचा संबंध संपतो. आज बघतो तर चंद्रभागा तिला प्रत्येक पास उजव्या पायावर देत होती. चुकून नव्हे, एकदा तर त्यासाठी ती स्वतः वळसा घालून गेली. येऊन आठवडा झाला नाही, तोच कुणाला काय जमत नाही हे हिने टिपलं, आणि ते झाकायचं कसं हेही ठरवलं. याला पाय म्हणायचं, डोकं म्हणायचं की मन? पूर्वाला विचारलं नाही. उगाच शेफारेल.

अवनीने बॉल अडवला तेव्हा मी नेहमीप्रमाणे "छान, छान!" म्हणालो. तिला म्हणावंच लागतं.

१५ डिसेंबर, रविवार

दापोडीच्या मुलींशी सराव सामना. सुरुवातीलाच आम्ही गोल खाल्ला. आमची गोलकीपर रडायच्या बेतात, बाकीच्या एकमेकींवर ओरडायला लागलेल्या. चंद्रभागा जाळ्यात गेली, बॉल काखेत घेतला आणि मध्यावर चालत आली. धावत नाही, चालत. एवढी हळू की पंचाने घड्याळाकडे बघितलं. ती मध्यावर पोचेपर्यंत आमच्या सगळ्या पोरींचा श्वास जागेवर आला होता. मी इतके सामने पाहिले, पण तेरा वर्षांच्या पोरीने एका संघाला असं शांत केलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार होती.

आम्ही दोन-एकने जिंकलो, दोन्ही गोलांचे पास तिचे. सामना संपल्यावर ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा मी तिला म्हणालो, "वाईट नाही." सगळ्यांदेखत म्हणालो. माझ्या वडिलांनी हा शब्द मला आयुष्यात एकदाच दिला, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तेव्हा, आणि मी तो महिनाभर मिरवला होता. त्यामुळे पोरीला जरा लवकरच दिला का, अशी आता शंका येते आहे. तिने विचारलं, "मग काय सुधरू, सर?" मी म्हणालो, "काही नाही." याहून अधिक कौतुक माणूस काय करणार? ती "बरं" म्हणाली आणि खाली बसून बूट काढायला लागली. लाजली असणार.

२० डिसेंबर

बापूरावांचा फोन. "काय पाटणकर, हाय का कोण पोरगी?"

मी म्हणालो, "एक आहे. चंद्रभागा निखाडे. वाईट नाही."

"बरं. आणि?"

"आणि अशी नाही कोणी. अवनी आहे, छान आहे."

"झालं तर मग, ठेवू?"

ठेवला. दोन वाक्यांत काम झालं. पूर्वा म्हणत होती की व्हिडिओ पाठवू, तिच्याबद्दल सविस्तर लिहू. मी म्हटलं, जाणत्या माणसाला एवढं पुरतं.

२८ डिसेंबर

चंद्रभागाचं काहीतरी बिनसलंय. बॉल आला की लगेच देऊन टाकते, जणू विस्तव आहे. मागे वळून पाहणं बंद. काल अवनीला तिने पास डाव्या पायावर दिला आणि अवनी आपटली. कौतुक डोक्यात गेलं, दुसरं काय. मला हीच भीती होती. आता काही दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं ठरवलं आहे.

पूर्वा म्हणाली, "सर, तिच्याशी बोला ना प्लीज."

मी म्हटलं, "बोललो की. त्याचंच फळ आहे हे."

६ जानेवारी

चंद्रभागा दोन तारखेपासून आलेली नाही. पहिल्या दिवशी वाटलं सर्दी-ताप असेल, मग वाटलं शाळेची काही भानगड असेल. आज अवनी म्हणाली, "सर, चंदू आता येणारच नाहीये. तिने बूट पण भावाला परत दिले." बाकीच्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. मी शिट्टी वाजवली आणि त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

सराव कसा झाला ते लिहीत नाही. मधल्या फळीत कोणी नसलं की मैदान किती मोठं वाटतं.

९ जानेवारी, गुरुवार

आज निखाड्यांच्या क्वार्टरवर गेलो. कोणाच्या घरी न कळवता जायचा माझा स्वभाव नाही, पण गेलो. चंद्रभागा शिकवणीला गेली होती. तिचे वडील योगेश कारखान्यातून नुकतेच आले होते. त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली, थंडीचे दिवस असून पंखाही लावला. आई, कौशल्याताई, चहा टाकायला आत गेल्या.

मी विचारलं, "पोरगी का येत नाही?"

"खेळत नाही म्हणते आता," योगेश म्हणाले. "मी म्हटलं, जा ना बेटा. तर म्हणते, सरांनी सांगून देलं न बाबा."

"मी? काय सांगितलं?"

"हेच का तू वाईट नाही म्हणून."

"अहो, मग?"

"मग म्हणजे, सर? वाईट नाही म्हणजे चांगलीही नाही. अन् काय सुधरू म्हणून विचारलं तिनं, तर तुम्ही म्हणाले, काही नाही. म्हणजे आता सुधरण्यासारखंच काही नाही, असंच न?" ते रागावले नव्हते. उलट मला अवघड वाटू नये म्हणून जपून बोलत होते, आणि त्यामुळे मला फारच अवघड वाटत होतं. "दोन दिवस रडली. मंग म्हणे, माहं गणित तरी बरं आहे, तेच करते."

मी म्हणालो, "अहो, इथे पुण्यात 'वाईट नाही' याचा अर्थ..." आणि थांबलो. अर्थ सांगायचा तर तो शब्दही तोंडातून काढावा लागणार होता, आणि तो काही केल्या येईना.

तेवढ्यात कौशल्याताई चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं आतून ऐकलं होतं. "पण ते अवनीले तर तुम्ही रोज छान म्हणता, सर. आमची चंदा घरी येऊन सांगे."

"अहो, तिला म्हणतो, कारण तिला येत नाही!"

"म्हणजे जिले येत नाही तिले छान, अन् जिले येते तिले वाईट नाही?" त्यांनी बशीत कप ठेवता ठेवता विचारलं. त्या खरोखर समजून घ्यायला बघत होत्या. "मंग जिले लयच येत असन, तिले काय म्हणता?"

मी जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं. "काहीच म्हणत नाही."

योगेशनी पंखा बंद केला. निघताना ते म्हणाले, "मी पाठवतो तिले, सर. पण तुम्हीच तिले सांगा. आम्ही सांगून काय होते, आम्ही तर मायबाप."

"सांगतो," मी म्हणालो.

घरी येऊन सुनीतीला सगळं सांगितलं. वाटलं ती हसेल, ती हसली नाही. "सांगा हो त्या पोरीला," एवढंच म्हणाली. जेवण झाल्यावर तिने विचारलं, "वांगी कशी झाली होती?" मी म्हटलं, "संपवली की सगळी!" ती पातेलं घेऊन आत गेली. भांडी आज जरा जास्तच वाजत होती.

१४ जानेवारी, संक्रांत

चंद्रभागा कालपासून यायला लागली आहे. बापाच्या शब्दाखातर येते, हे दिसतं. सांगेन तसं करते, विचारीन तेवढं बोलते, आणि सराव संपला की सर्वांत आधी निघते.

आज पोरींनी तिळगूळ आणला आणि मला गोड बोलायची आज्ञा केली. म्हटलं, हाच मुहूर्त. चंद्रभागाला बाजूला बोलावलं. मनात सगळं तयार होतं, स्कूटरवर येताना दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

"मी तुझ्या घरी गेलो होतो."

"हो. बाबा म्हणाले."

"तर ते जे मी म्हणालो होतो, ते तसं नव्हतं."

"मग कसं होतं, सर?"

पोर सरळ डोळ्यांत बघते. मी म्हणालो, "म्हणजे तुझं ते मागे बघणं... वेणी मध्ये येत नाही ना?"

ती म्हणाली, "नाही येत."

"मग ठीक आहे. जा."

ती गेली. माझ्या हातातला तिळगूळ वितळून चिकट झाला होता. पूर्वाने लांबून अंगठा वर करून विचारलं, झालं का? मी मान हलवली. हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही. इतकी वर्षं पोरांवर ओरडलो तेव्हा शब्द कधी शोधावे लागले नाहीत. आज एका पोरीला चांगलं म्हणायचं होतं तर एकही जागेवर सापडला नाही. मला स्वतःची लाज वाटते आहे.

२२ जानेवारी, बुधवार

आजचं नीट लिहिलं पाहिजे.

सराव सुरू असताना पूर्वा फोन घेऊन धावत आली. बापूरावांनी दहा मुलींची नावं कळवली होती. आमच्याकडून अवनी. चंद्रभागा नाही. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तरी नाही. तिथल्या तिथे बापूरावांना फोन लावला. एकतर खडकीच्या त्या मैदानावर धड रेंज नसते, त्यात त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि ते फोन नेमका त्याच कानाला लावतात. मी रेषेच्या कडेला गेलो, पोरींकडे पाठ केली आणि दुसऱ्या कानात बोट घातलं.

"बापूराव, निखाडेचं नाव राहिलं!"

"आँ? कोण?"

"निखाडे! चंद्रभागा! मी सांगितली होती ती!"

"ती व्हय? अरे मर्दा, तूच म्हणालास न्हवं वाईट न्हाई म्हणून? वाईट न्हाईत असल्या पोरी माझ्या गल्लीत पाच-पन्नास हायत. तू छान म्हणालास ती घेतली की!"

मग माझं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी म्हणालो, "बापूराव, ऐका. मध्ये बोलू नका. अशी पोर मी आजवर पाहिलेली नाही. बॉल यायच्या आधी दोन्हीकडे मागे वळून बघते. तिला सगळं मैदान दिसतं, आपल्याला कधी दिसलं नाही तेवढं! कुणाला काय जमत नाही हे तिला कळतं. आमच्या अवनीला एकाच पायाने जमतं, तर ही प्रत्येक बॉल तिला त्याच पायावर देते, आणि तोंडाने एक अक्षर बोलत नाही. गोल खाल्ला की बॉल स्वतः आणते आणि मुद्दाम सावकाश आणते, म्हणजे सगळ्यांना दम खायला मिळतो. हे शिकवता येत नाही हो! डावा पाय कच्चा आहे, पण तो सहा महिन्यांचा प्रश्न आहे. बाकीचं जे आहे ते जन्माला येतानाच घेऊन यावं लागतं. ती सुंदर खेळते, बापूराव. फार सुंदर खेळते! ती आली की मला संध्याकाळ झाल्याचं बरं वाटतं, आणि मध्ये ती आली नाही तेव्हा मला मैदानावर उभं राहवत नव्हतं!"

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. मग बापूराव म्हणाले, "हे आधी का न्हाई बोललास?"

"बोललो होतो!"

"कधी?"

मी दुसऱ्या कानातलं बोट आणखी घट्ट दाबलं.

"बरं, आण तिला. अकरावी म्हणून बघतो. आणि ती अवनी?"

"तिला राहू द्या. तिला सगळं येत नाही, पण कधी हरून बसत नाही. तिचा हिरमोड करू नका."

फोन ठेवला तेव्हा माझा शर्ट ओला झाला होता. वळून पाहिलं तर पोरी सगळ्या खाली वाकून बॉल आणि कोन गोळा करत होत्या. वास्तविक अजून सराव संपला नव्हता. एकही बोलत नव्हती. पूर्वाने त्यांना चांगली शिस्त लावली आहे म्हणायची. त्यांना काही ऐकू गेलं नसावं, मी पाठमोरा होतो.

मी चंद्रभागाला म्हटलं, "आठ तारखेला चाचणी आहे. तुलाही यायचंय." ती "हो सर" म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

पुढे सामना लावला आणि काय सांगू! चंद्रभागा डिसेंबरसारखी खेळली. नाही, त्याहून चांगली. मागे बघणं परत आलं, आणि दोन बॉल तिने आपणहून डाव्या पायाने मारले. अवनीच्या अंगात तर काय शिरलं होतं कोण जाणे, ती प्रत्येक बॉल डाव्याच पायाने घेत होती. तीनदा पडली, गुडघा सोलवटला, तरी डाव्याच. शेवटी एक अडवला तेव्हा चंद्रभागाने तिला मिठी मारली. मी अवनीला 'छान' म्हणणार होतो, पण कौशल्याताई आठवल्या. मग म्हणालो, "हा नीट अडवलास, पाय सैल सोडलास म्हणून." ती हसली नाही, पण तिने मान डोलावली आणि तसाच दुसरा अडवला.

पूर्वाचे डोळे लाल झाले होते. सर्दी झालीय म्हणाली. हवा बदलते आहे, जपायला हवं.

फोनवर सगळं बोलून मोकळं वाटतंय. हेच तिच्या तोंडावर बोलायला मला जमलं नाही याचं मात्र वाईट वाटतं. चाचणीपर्यंत केव्हातरी बोलेन.

७ फेब्रुवारी

बोललो नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

चाचणी विश्रांतवाडीच्या एका शाळेच्या मैदानावर होती. योगेशना सुट्टी मिळाली नाही, म्हणून चंद्रभागाला मी आणि पूर्वा घेऊन गेलो. ती रिक्षात तिच्या आईने दिलेली दशमी खात होती. मला एक दिली. मी खाल्ली आणि ती चांगली झाली होती असं म्हणालो. पूर्वाने माझ्याकडे वळून बघितलं.

खेळ कसा झाला हे लिहीत बसत नाही. अवनीने एक अवघड बॉल डाव्या पायाने अडवला, तेव्हा तिची आई कठड्यावर उभी राहून ओरडली.

खरी गंमत नंतर झाली. बापूराव खुर्ची टाकून बसले आणि एकेकीला बोलावून एकच प्रश्न विचारायला लागले, "तुझ्यात काय चांगलं हाय, सांग." नुसते पाय बघत न्हाई मी, पोरीला स्वतःची ओळख हाय का ते बघतो, असं ते मला म्हणाले. ही परीक्षा माझ्या पोरीला झेपणार नव्हती, कारण तिच्यात काय चांगलं आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एक मुलगी म्हणाली, मी जोरात पळते. एक म्हणाली, मी गोल मारते. एक बुटाकडे बघत बसली. अवनी म्हणाली, "मी पडले की उठते." बापूरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग चंद्रभागा. मी गवत उपटत होतो.

ती म्हणाली, "बॉल यायच्या आधी मी मागं पाहून घेते, दोन्हीकडं. मग मले सगळं दिसते. ज्या पायानं जिले जमते, त्या पायावर मी देते. गोल खाल्ला का बॉल मीच आणते. सावकाश आणते, म्हणजे सगळ्यायले दम खायले भेटते." मग डावा बूट जरा पुढे केला. "डावा पाय कच्चा आहे. पण ते सहा महिन्यांचं काम आहे."

बापूरावांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि हे तुला कुणी सांगितलं, पोरी?"

"मले माहीत आहे," ती म्हणाली.

मी थक्क झालो. मी आयुष्यभर ज्या गोष्टी हेरायला शिकलो, त्या या पोरीने स्वतःबद्दल स्वतःच हेरल्या! पूर्वाने शिकवून पाठवलं असणार म्हणून मी तिला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "पूर्वा, हे तू फार चांगलं काम केलंस. मनापासून सांगतो." ती म्हणाली, "मी नाही हो सर, शपथ," आणि रुमालात तोंड घालून हसायला लागली. या पिढीला कौतुक केलेलंही कळत नाही.

बापूरावांनी दोघी निवडल्या. एक पिंपरीची गोलकीपर आणि दुसरी आमची. योगेशना फोन केला, ते बराच वेळ नुसते "हो, हो" म्हणत राहिले. जूनमध्ये ती कोल्हापूरला जाईल. तिला हवं ते सगळं तिथे मिळेल, आणि मला संध्याकाळी त्या मैदानावर तिच्याशिवाय उभं राहायचं आहे. आनंद झाला आहे. आणि रडूही येतं आहे, हे लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे.

परत येताना रिक्षात मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. घसा साफ केला. म्हणालो, "चंद्रभागा, मला तुला एक सांगायचं होतं. डिसेंबरपासून सांगायचं होतं."

ती म्हणाली, "सर, तुम्ही फोनवर लय जोरानं बोलता."

"तिथे रेंज नसते," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि बूट मांडीवर घेऊन खडकी येईपर्यंत माझ्या खांद्याला टेकून बसली.